आमच्या विहिरीचं दूध आणि दादाची सोयरीक

मु. हिंगणखेड, तालुका जळगाव, जिल्हा बुलढाणा
वैशाख महिना, भर दुपार

तीर्थरूप सौभाग्यवती पुष्पाआत्याबाई यांच्या पायांशी उद्धवचा दोन्ही हात जोडून, कपाळ टेकवून नमस्कार. (कपाळ खरोखर टेकवलं आहे. बाबा समोर बसले आहेत आणि पत्राची सुरुवात रीतीप्रमाणे होते की नाही हे पाहूनच आडवे होणार आहेत.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? शेगावच्या वैद्यांचं तेल लागू पडलं का? मंदिराच्या पायऱ्या चढताना अजून भिंत धरावी लागते का? आतोबांना रेल्वेची पेन्शन लागून इतकी वर्षं झाली तरी मेलगाडी आली की ते अजून घड्याळ हातात घेऊन ओट्यावर उभे राहतात, असं ऐकलं. गाडीला उशीर झाला तर ते कोणाला रागावतात, हे मात्र कळवावं.

बाबांना झोप लागली. आता मोकळेपणाने लिहितो.

हे लिहिणारा हात पाहिलात तर शाई सांडली असं वाटेल, पण ती शाई नाही. माझी बोटं काळी झाली आहेत. आईने राखेने घासली, चिंचेने घासली, शेवटी नारळाची शेंडी घेऊन अशी घासली की कातडी जायची वेळ आली, पण काळं तसंच. तिला वाटलं नागपूरच्या खाणावळीतून काही रोग घेऊन आलो. रोग नाही. दवाखान्यात चामखीळ जाळायला काडीखार लावतात ना, चांदीपासून केलेला, त्याचं पाणी हातावर सांडलं. अंगावर पडतं तेव्हा काहीच दिसत नाही, उन्हात गेलं की काळं पडतं. कसं सांडलं ती मोठीच हकिगत आहे आणि तिच्यात तुमचाही थोडा हात आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी कॉलेजात काय शिकतो ते घरात कोणालाच नीट ठाऊक नाही. त्याला भूगर्भशास्त्र म्हणतात. बाबा गावात सांगतात की पोरगा जमिनीचं शिकून राह्यला, त्यामुळे सुट्टीला आलो की बांधाच्या भांडणवाले माझ्याकडे येतात आणि कोर्टात कोणाचं खरं ठरेल ते विचारतात. मी त्यांना सांगतो की मी जमिनीच्या खालचं शिकतो. मग ते म्हणतात, खालचा वाद नाही, वरचाच आहे, आणि उठून जातात.

आत्याबाई, पहिल्या दिवशी आमच्या प्रोफेसरसाहेबांनी प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक काळा दगड ठेवला, जे दिसेल ते लिहा म्हणाले, आणि निघून गेले. मी लिहिलं, ‘दगड काळा आहे.’ मग पुढे काही सुचेना. शेजारी मलकापूरचा सईद बसतो, त्याच्या कागदात डोकावलो. त्याने लिहिलं होतं, ‘दगड बराच काळा आहे.’ साहेब परत आले, सगळ्यांचे कागद वाचले, रागावले मात्र नाहीत. म्हणाले, आता हातात घ्या. नखाने ओरखडा, चाकूने ओरखडा, तोंडाची वाफ सोडून वास घ्या, आणि हरकत नसेल तर जिभेला लावून पाहा. मॅट्रिक पास झालेली, कोट घातलेली वीस-बावीस माणसं एका खोलीत दगड चाटत बसलेली तुम्ही पाहिली असती, तर आतोबांना पहिल्या गाडीने पाठवून मला घरी आणवलं असतं. पण वाफ सोडल्यावर त्या कोरड्या ठणठणीत दगडाला नव्या मडक्यासारखा वास आला, आणि मला अंगावर काटा आल्यासारखं झालं. एवढी वर्षं दगडांवर बसलो, दगडावर अंघोळ केली, पण दगडाला वास असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचं तर याहून भारी आहे. त्याच दगडाची चकती कापतात, काचेवर चिकटवतात, आणि घासून घासून इतकी पातळ करतात की तिच्या आरपार दिसावं. (माझ्या पहिल्या तीन चकत्या घासता घासता नाहीशाच झाल्या. घासण्यात माझा हात आईवर गेलेला दिसतो.) मग ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, वरची काच एका विशिष्ट तऱ्हेने फिरवायची, आणि डोळा लावायचा. मी डोळा लावला आणि दचकून मागे सरलो. आत रंगच रंग. राखी-पांढऱ्या पट्ट्यांच्या बारीक काड्या एकमेकींत अडकलेल्या, त्यांच्या मधून निळे, केशरी, गुलाबी तुकडे, आणि चकती फिरवली की निळ्याचं पिवळं व्हायचं. आत्याबाई, हा तोच दगड, ज्याच्या पाट्यावर आपण ठेचा वाटतो! साहेब म्हणाले, हा सगळा मुलूख एके काळी वितळून वाहत होता, थर गार झाला की त्याच्यावर दुसरा थर, आणि गार होता होता हे खडे आत जमले. मी विचारलं, किती वर्षांपूर्वी? त्यांनी आकडा सांगितला. तो मी वहीत लिहिला खरा, पण त्याच्याकडे पाहवेना. माणूस नव्हता, गाय नव्हती, वऱ्हाड नव्हता, आणि हे रंग अंधारात तयार होऊन बसले होते, कोणी पाहील अशी वाट न बघता. मला रडू आलं. सईदने कारण विचारलं, मी म्हटलं डोळ्यात दगड गेला.

सुट्टीला निघताना साहेबांनी सगळ्यांना आपापल्या गावचे दगड आणायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, आमच्या गावात दगड नाही. वर्ग हसला. पण तुमचं माहेर आहे, तुम्हीच सांगा, आहे का? पूर्णेकाठी खोदावी तितकी मातीच. पाटा, जातं, उंबरा, मारुतीची पायरी, सगळं सातपुड्याकडून बैलगाडीत आलेलं. लहानपणी आम्ही कैऱ्या पाडायला ढेकळं मारायचो, ती वर फांदीला लागून फुटायची आणि आपल्याच डोळ्यांत यायची. आमच्या गावचे कुत्रे माणसाला भीत नाहीत, कारण खाली वाकलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. साहेबांना मात्र हसू आलं नाही. ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी मोठं काही सांगितलं आहे. म्हणाले, गावात दगड नाही हीच तुझ्या गावाची मोठी गोष्ट आहे. पूर्णेच्या खाली केवढी खोल दरी गाळाने भरली आहे हे अजून कोणाला नीट माहीत नाही. आणि पाणी? मी म्हटलं, खारं. ते म्हणाले, मग दगडाऐवजी पाणी पाहा. पाणी म्हणजे विरघळलेला दगडच. असं म्हणून त्यांनी तपकिरी काचेची एक छोटी बाटली माझ्या हाती दिली. हेच ते काडीखाराचं पाणी. साध्या पाण्यात त्याचा थेंब टाकला तर काही होत नाही. पाण्यात मीठ असेल तर पांढरं होतं, आणि मीठ जितकं जास्त तितकं जास्त पांढरं. आपल्या गावापासून डोंगरापर्यंत विहिरी तपासत जायचं, एवढंच मला काम. मीठ आलं कुठून म्हणाल तर कोणी म्हणतं इथे समुद्र होता, कोणी म्हणतं तळं होतं, आणि आमचे साहेब म्हणतात अजून ठरायचं आहे. एवढा शिकलेला माणूस ‘ठरायचं आहे’ असं म्हणतो, याचंही मला नवल वाटतं. आमच्या गावात कोणी असं म्हणत नाही.

आता रंगूदादाचं. तो माझा मोठा भाऊ म्हणून सांगत नाही, पण अख्ख्या पंचक्रोशीत असा माणूस नाही. शाळेत मास्तर असून छडी वापरत नाही, विडी ओढत नाही, रागावला तर गप्प बसतो. आणि त्याचं लग्न होत नाही, ते फक्त या पाण्यापायी. त्याच्याबरोबरीच्या मित्रांची मुलं आता त्याच्याच वर्गात पाढे म्हणतात. तुम्हाला ठाऊकच आहे, डोंगराकडचे लोक खाऱ्या पाण्याच्या गावात लेक देत नाहीत. आधी घर पाहत नाहीत, शेत पाहत नाहीत, मुलगाही नंतर पाहतात. पहिल्यांदा विहिरीवर येतात, ओंजळभर पितात, आणि उपरण्याने तोंड पुसत गाडी जुंपायला सांगतात. मागच्या वर्षीच्या पाहुण्याने तर बरोबर तुरीची डाळ आणली होती. आमच्या चुलीवर आमच्या पाण्यात शिजायला ठेवली आणि ओट्यावर बसून राहिला. दिवस मावळला तरी डाळ टणक ती टणकच. पाहुणा डाळ तिथेच ठेवून निघून गेला. दादा त्या दिवशी जेवला नाही, आणि आम्हीही ती डाळ खाल्ली नाही.

अशात तुम्ही हे स्थळ सुचवलंत. अर्जुनरावांची प्रेमला. दादा पाहायला गेला तेव्हा तिने मान खाली घालून का होईना, पण विचारलं की तुमच्या शाळेत पोरी येतात काय. आल्यापासून दादा फळा पुसतानाही गुणगुणतो. गावाने आजवर त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. अर्जुनरावांना तुम्ही पाण्याविषयी काय सांगितलंत तेही कळलं: ‘जरा जड आहे.’ आत्याबाई, धन्य तुमची! त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, कपडे कडक वाळतात, परका बैल पहिला घोट घेऊन मालकाकडे पाहतो, आणि तुम्ही ‘जरा जड’ म्हणता. आतोबांच्या खात्यात तुम्ही असता तर एकही गाडी उशिरा आली नसती.

पाहुणे पाणी प्यायला येणार म्हटल्यावर आईने हिंमतरावांना (पलीकडच्या वाड्यातले, खोटं बोलता येत नाही म्हणून गावात ज्यांना साक्षीला कोणी नेत नाही ते) गाडीवर हंडे देऊन डोंगराकडे गोड पाणी आणायला पाठवलं. ते पाणी घेऊन परत येताना मागून दुसरी गाडी आली. दोन्ही गाड्या बरोबर चालू लागल्या, दोन्हीकडची माणसं बोलू लागली. त्यातल्या एकाने विचारलं, ‘काऊन भाऊ, हे पाणी कुठी घेऊन चालले?’ हिंमतराव म्हणाले, ‘हिंगणखेडले. रंगरावाच्या घरी पाहुणे येऊन राह्यले ना, त्याइले पाजाले.’ विचारणारे अर्जुनराव होते.

तेव्हा अर्जुनराव आमच्या दारात उतरले ते मिशीला पीळ देतच. बरोबर त्यांची वडील बहीण रुक्मिणीबाई आणि त्यांच्या स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची भरलेली घागर. (जिभेला खरी चव राहावी म्हणून आधी आपलं पाणी प्यायचं, मग दुसऱ्याचं, अशी त्यांच्याकडची रीत.) हंड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाले, विहिरीवर चला, माह्या डोळ्यांपुढे काढा. सगळं गाव विहिरीवर आलं. दादा कडुनिंबाखाली उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे मला पाहवत नव्हतं. पाणी काढलं, पेला भरला. आता हे पितील आणि गाडी जुंपतील, तर तेवढा वेळ तरी लांबवावा, एवढाच विचार करून मी पुढे झालो आणि म्हणालो, थांबा, आधी शास्त्राने पाहू. एका पेल्यात त्यांचं पाणी घेतलं, एका पेल्यात आमचं, आणि दोन्हींत बाटलीतले थेंब टाकले.

त्यांचं पाणी होतं तसंच राहिलं. आमच्या पाण्यात थेंब पडला तिथून एक पांढरा ढग निघाला, हळूहळू खाली उतरला, फिरला, पसरला, आणि बघता बघता सगळा पेला पांढराशुभ्र. आत्याबाई, खरं सांगतो, मी कुठे उभा आहे हे विसरलो. नागपूरला एवढं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. कोण जाणे कोणत्या काळातलं मीठ, कोणत्या समुद्राचं की तळ्याचं, आमच्या विहिरीत आजवर कोणाला न दिसता बसलेलं, आणि ते माझ्या हातून दिसायला लागलं! मी तोंड उघडून पाहत राहिलो, आणि तेवढ्यात गफ्फारचाचा (किराणा दुकानवाले, बाबांचे लंगोटीयार, आवाज तुम्हाला माहीतच आहे) ओरडले, ‘या अल्ला! दूध! अर्जुनराव, पाण्याचं दूध झालं!’

मग काय विचारता. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. अर्जुनराव एकदा आमच्या पेल्याकडे पाहत, एकदा आपल्या. त्यांची मिशी खाली आली. फार हळू आवाजात म्हणाले, ‘आमच्या पाण्यात काहीच नाही काय मंग?’ मी भानावर आलो आणि चारचौघांत, मोठ्याने, स्पष्ट सांगितलं की हे दूध नाही, हे मीठ आहे. तुम्ही मला खोटारडा म्हणू नये म्हणून हे दोनदा लिहितो: मी मीठ म्हणालो. पण रुक्मिणीबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, ‘पोरगं शहाणं हाय. विहिरीले नजर लागू नये म्हून मिठाचं नाव घेते.’ लगेच आईकडून मीठ-मोहऱ्या मागवल्या आणि विहिरीची दृष्ट काढली. खाऱ्या विहिरीवरून मीठ ओवाळताना मी उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी आणखी जोर करून ‘मीठ, मीठ’ म्हणू लागलो, तर चार बायका माझ्यामागून ‘मीठ, मीठ’ म्हणू लागल्या.

त्यानंतर रुक्मिणीबाईंनी तो पेला तीर्थ म्हणून तोंडाला लावायला घेतला. ते पोटात गेलं असतं तर काय झालं असतं या भीतीने मी झडप घातली. पेला गेला खाली, बाटली हातात हिंदकळली, अर्धं औषध माझ्या बोटांवर आणि दोन-चार थेंब अर्जुनरावांच्या कपाळावर. त्यांनी भक्तिभावाने ते पुसलेसुद्धा नाहीत. पाणी पिऊन पाहायला मी स्वतः त्यांना सांगितलं, तर म्हणाले, जिथे दूध निघते तिथे चव पाहाले मी कोण? सोयरीक पक्की झाली, साखरपुडा ज्येष्ठात ठरला, आणि पाहुणे भर उन्हात गाडीवर बसून गेले. घरी पोचेपर्यंत त्यांच्या कपाळावर काळा डाग उमटला. रुक्मिणीबाई गावभर सांगतात की त्या विहिरीने स्वतःच तीट लावली.

आता पंचक्रोशीत ज्याच्या घरी लग्नाचा मुलगा आहे तो मला आपल्या विहिरीवर नेतो. जास्त पांढरं झालं की पेढे वाटतात. कमी झालं तर मी नीट टाकलं नाही म्हणून पुन्हा टाकायला लावतात. उरलेलं औषध पुरवून पुरवून वापरत मी साहेबांचं काम मात्र केलं. एकेक गाव करत उत्तरेला निघालो. आणि काय सांगू, प्रत्येक गावाला पांढरेपणा थोडा थोडा उतरत गेला. दुधाचं ताक झालं, ताकाचं धोवण, धोवणाचं नुसतं धुकं. वर पाहिलं तर शेतं तीच, ज्वारीची धसकटं तीच, माणसं तीच, कुठे काही खूण नाही, आणि खाली जमिनीच्या पोटात केवढा फरक! मग एका कोरड्या नाल्यात पायाला पहिला गोटा लागला. पुढे मुठीएवढे, मग डोक्याएवढे, आणि डोंगराच्या पायाशी घराएवढी काळी शिळा. मी तिच्यावर हात ठेवून बसलो. आतले निळे आणि केशरी तुकडे मला माहीत होते. ही शिळा झिजून झिजून तिची माती नदीने आमच्या गावाखाली नेऊन भरली, आणि तिच्यावर आम्ही कापूस पेरतो, शाळा चालवतो, लग्नं जमवतो. मी मारुतीलाही कधी इतक्या मनापासून नमस्कार केला नसेल.

शेवटची विहीर अर्जुनरावांच्या गावची. आता तिथवर गेल्यावर ती टाळता येईना. थेंब टाकला, पाणी निर्मळ राहिलं, आणि बायका हळहळल्या. प्रेमला घागर घेऊन बाजूला उभी होती. तिने विचारलं, ‘आमचं काऊन नाही झालं पांढरं?’ मी म्हटलं, तुमचं पाणी चांगलं आहे म्हणून. बायका हसल्या, पोरगा मनधरणी करतो म्हणाल्या. ती हसली नाही. माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मंग तुमचं?’ मी पिशवी उचलली आणि दगड पाहायला गेलो.

असो. पत्र लांबलं. आतोबांना नमस्कार सांगावा. गुडघ्यांना जपावं. मी आषाढात नागपूरला परत जाईन, तेव्हा शेगाव स्टेशनात गाडी थांबेल तेवढ्यात भेटता आलं तर फार बरं वाटेल. कळावे, लोभ तर आहेच, तो गुडघ्यांसारखा दुखू देऊ नये.

आपला लाडका (माझ्या मते),
उद्धव

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर कुठेच लिहिलेलं नाही, ते आता लिहितो. आत्याबाई, तुम्ही शेगावहून लगेच निघा आणि अर्जुनरावांना जाऊन सांगा की ते दूध नव्हतं, मीठ होतं. माझं कोणी ऐकत नाही. बाबा म्हणतात, लग्न लागू दे, मंग सांगू. पण ती मुलगी जन्मभर हे पाणी भरणार, पिणार, याच पाण्यात तिचे कपडे आणि केस धुणार, आणि तिने मला सरळ विचारलं होतं. मला झोप येत नाही. दुसरीकडे दादा गुणगुणतो ते ऐकलं की वाटतं, तुम्हाला हे पत्र कधी पोचूच नये. तुम्ही स्थळ सुचवलंत, तुमच्या शब्दाला मान आहे, आणि ‘जरा जड’पासून ‘खारं’पर्यंत हळूहळू कसं जायचं हे तुमच्याइतकं कोणाला जमणार नाही. सोयरीक मोडली तर दादाला मी सांभाळीन. कसं ते ठाऊक नाही.

आणखी एक ता. क., दोन दिवसांनंतर. पत्र टाकायला न्यायचं राहिलं होतं. वरचा ताजा कलम वाचला असेल तर सोडून द्या, गुडघ्यांना त्रास देऊन निघू नका. दादाला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शाळामास्तर आहे तो, माझं पुस्तक त्याने माझ्याआधी वाचलेलं. काल सकाळी गुणगुणणं थांबवून त्याने आपल्या विहिरीची घागर भरली आणि हिंमतरावांच्या गाडीवर बसून अर्जुनरावांकडे गेला. कोणालाही न विचारता. घागर त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, ‘हे आमचं पाणी. आधी प्या, मंग काय ते बोला.’ अर्जुनरावांनी मोठा घोट घेतला. तो त्यांना गिळवेना, आणि जावयासमोर थुंकवेना. शेवटी कसाबसा घशाखाली गेला. ते कपाळाला हात लावून खाली बसले. दादा उठून चपला घालू लागला. तेव्हा प्रेमला दारातून बाहेर आली, घागरीतून तांब्या भरून घेतला, उभ्या उभ्या सगळा प्याली आणि पदराने तोंड पुसलं. अर्जुनराव म्हणाले, ‘पोरी, डाळ शिजत नाही त्या पाण्यात.’ ती म्हणाली, ‘मंग भाजी करीन बाबा. अन् मीठ कमी टाकीन.’

हे हिंमतरावांनी सांगितलं, म्हणजे खरंच असणार. दादाला आम्ही विचारून विचारून थकलो. कालपासून नुसता विहिरीच्या काठावर जाऊन बसतो, आत पाहतो आणि पुन्हा गुणगुणतो.